चौदा नंबरचा हापूस

हापूसच्या कलमांत जनुकीय फरक शोधायला निघालो तेव्हा घरचेही हसले होते. कलमावरून कलम बांधत आलेली झाडं, फरक असणार किती? त्यात आमचे मार्कर, म्हणजे जाती ओळखायच्या डीएनएतल्या खुणा, नवे. डीएनएत जीए-जीए-जीए असं तोतरेपण काही ठिकाणी असतं, त्याची लांबी जातीजातीत बदलते. आम्ही तीच मोजतो. आधी खात्री म्हणून नीलम, हापूस आणि त्या दोघांच्या संकरातून आलेला रत्ना लावला. जेलच्या थरावर डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्टे उमटतात; रत्नात एक पट्टा नीलमचा, एक हापूसचा यायला हवा. सगळ्या मार्करवर तसाच आला.

मग बागांमधले तेवीस हापूस. आंब्याचं पान डीएनए सुखासुखी देत नाही. जरा रेंगाळलं की नळीत चहा तयार! कोवळी तांबूस पालवी आणून, नमुना तपकिरी पडू न देणारी पीव्हीपीची भुकटी सढळ हाताने घालून कसंबसं जमवलं. जेलवर बावीस जणांचे पट्टे एका रेषेत. चौदा नंबर मात्र भलतीकडेच.

परत डीएनए काढला, परत तेच. रात्री झोप नाही. 'हापूसचा नवा प्रकार' या मथळ्याचा शोधनिबंध मनात अर्धा लिहूनही झाला.

दोन दिवसांनी देवगडला त्या बागेत गेले. बागवाले काका फोनवरचा, पानं खुडतानाचा फोटो बघत राहिले, मग मला झाडाच्या बुंध्याशी नेलं. कलमाच्या जोडाखालून हातभर उंचीची फूट आली होती, तांबूस, लुसलुशीत, हाताला सहज येणारी. वर चढायचा कंटाळा केलेल्याने नेमकी तीच खुडलेली. तो कोण, हे फोटोतल्या बांगड्यांवरून स्पष्ट होतं.

"ओ मॅडम, ह्यो पालो कलमाचो नाय, खुंटाचो. रायवळ तो!"

खुंट म्हणजे ज्यावर हापूसची काडी बांधतात ते कोयीतून उगवलेलं खालचं गावठी रोप.

शेंड्याची पानं आणली. पुढच्या जेलवर चौदा नंबर मुकाट बाकीच्यांत जाऊन बसला.

पण त्या रायवळाचे पट्टे मी पुसले नाहीत. सहा मार्करवर त्याच्याकडे अशा लांब्या होत्या, ज्या आमच्या एकाही कलमी जातीत नव्हत्या. आणि कोयकलमाचा प्रत्येक खुंट वेगळ्या कोयीतून आलेला. म्हणजे आम्ही वर शोधत होतो ते सगळं जोडाखाली, मातीलगत. बागवाले ती फूट दरवर्षी कोयत्याने उडवतात.

आता काकांना सांगून ठेवलंय, उडवण्याआधी फोन करा. पिशव्याही दोन नेते: एकीवर 'वर', दुसरीवर 'खाली'.