तुम्ही विचारलेत म्हणून: बचावात श्रेष्ठ कोण?

सरावाला येणाऱ्या मुलांचे पालक, जुने विद्यार्थी आणि रात्री उशिरापर्यंत जुन्या लढती पाहून मला फोन करणारे मित्र असे सगळेच एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: बचावात सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, आणि मुहम्मद अलीचे नाव निघाले की तुम्ही गप्प का होता? आजवर मी अर्धीमुर्धी उत्तरे देऊन वेळ मारून नेली. त्यातून मला अली आवडत नाही असा समज पसरला आहे आणि तो मला मनापासून लागतो. म्हणून एकदाच नीट लिहितो.

माझ्या लेखी पहिले नाव अमेरिकन मुष्टियोद्धा पर्नेल व्हिटेकरचे. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनिओ येथे, ६०,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर, तो हूलिओ सेसार चावेझशी लढला. चावेझ तोवर ८७ लढती जिंकून अपराजित होता. दोन जजनी ११५-११५ असे गुण दिले, तिसऱ्याने ११५-११३ असे व्हिटेकरच्या बाजूने दिले आणि लढत बरोबरीत सुटली. त्या निकालाचा राग मला आजही येतो, पण इथे मुद्दा निकालाचा नाही. त्या लढतीत व्हिटेकर पळत नाही. चावेझचा हात पोहोचेल इतक्याच अंतरावर तो उभा राहतो, गुडघ्यांतून खाली बसतो, ठोसा डोक्यावरून जाऊ देतो आणि वर येतो तेव्हा त्याचा उजवा पाय चावेझच्या डाव्या पायाच्या बाहेर पडलेला असतो. पुढचा ठोसा मारण्याआधी चावेझला सबंध अंग वळवावे लागते. ठोसा चुकवणे हे निम्मेच काम असते. चुकवून झाल्यावर आपण कुठे उभे आहोत, हे उरलेले निम्मे. जुन्या काळातला अमेरिकन विजेता विली पेप, त्याचे पाय हेच करत. अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे १९६८ साली टोकियोत पॉल फुजीसमोर हेच करत राहिला आणि दहाव्या फेरीसाठी फुजी स्टुलावरून उठलाच नाही. (पेपने एकही ठोसा न मारता एक फेरी जिंकली, ही प्रसिद्ध गोष्ट मी मुलांना सांगत नाही. त्या वेळचे वृत्तान्त तिला दुजोरा देत नाहीत, आणि पेपच्या मोठेपणाला तिची गरजही नाही.)

आता अली. अली महान होता, याबद्दल माझा कुणाशीही वाद नाही. परंतु बचावाचा आदर्श म्हणून त्याला दिला जाणारा मान मला अवाजवी वाटतो. हात कमरेपाशी सोडून, ठोसा येताच पाठ सरळ मागे झुकवणे ही त्याची रीत होती. १९६२ मध्ये सनी बँक्सने, १९६३ मध्ये हेन्री कूपरने आणि १९७१ मध्ये जो फ्रेझरने त्याला खाली पाडले, आणि तिन्ही वेळा तो ठोसा डावा हुकच, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, होता. सरळ मागे जाणाऱ्या हनुवटीला गाठायला वळून येणाऱ्या डाव्या हुकइतका सोयीचा ठोसा दुसरा नाही.

हे मला पंचविशीत कुणी सांगितले असते तर मी भांडलो असतो. बँक्स आणि कूपर दोघांनाही अलीने हरवलेच ना, असे म्हणालो असतो. त्या वयात माझ्याकडे अलीच्या लढतींची एक कॅसेट होती आणि शिकवायला एक सोळा वर्षांचा मुलगा होता. उंच, सडपातळ, डोळ्यांचा अत्यंत तल्लख. आमचा सराव एका शाळेच्या तळमजल्यावर चाले. रिंग नव्हती, फरशीवर खडूने चौकोन आखून त्यातच आम्ही खेळत असू. मी त्याला म्हणालो, "हात खाली सोड, त्याला मारू दे आणि मागे झुक." त्याला ते इतके सुंदर जमले की सराव थांबवून बाकीची मुले बघत उभी राहत. या पद्धतीने तो सात बाऊट जिंकला.

आठवी बाऊट राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होती. समोरचा मुलगा बुटका होता आणि पहिल्या फेरीत त्याचे सगळे ठोसे हवेत गेले. दुसऱ्या फेरीत त्याने डाव्या हाताने नुसता हुलकावणीचा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, दाखवला आणि त्याच हाताचा हुक सोडला. माझा विद्यार्थी शिकवल्याप्रमाणे मागे झुकला आणि त्याच्या पाठीला दोर लागला. खडूच्या रेघेने त्याला कधीच अडवले नव्हते. त्याचे डोके जिथे जायला हवे होते तिथे पोहोचलेच नाही. तो एका कुशीवर पडला, हेडगार्ड एका डोळ्यावर सरकले होते आणि उजवा हात अजून कमरेपाशीच होता. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारले, "सर, माझी बाऊट कधी आहे?" मी सांगितले की झाली. रुग्णालयात नेताना त्याने हेच आणखी चार वेळा विचारले आणि प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहाने विचारले. चौथ्या वेळी मला उत्तर देता आले नाही. संध्याकाळी त्याची आई आली. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "सर, हात खाली ठेवायला तुम्हीच शिकवलं होतं ना त्याला?"

तो बरा झाला, नोकरीला लागला, दिवाळीला घरी येतो. रिंगमध्ये मात्र तो पुन्हा उतरला नाही.

तेव्हा अलीविषयीच्या माझ्या मतामागे अपराधीपणा आहे, असे कुणी म्हणाले तर मी ते नाकारणार नाही. चूक अलीची नव्हती, माझी होती. तरीही मत बदलत नाही, कारण अमेरिकन विजेता रॉय जोन्स याचेही तेच झाले. नुसत्या चपळाईवर बेतलेला त्याचा बचाव २००४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, अँटोनिओ टार्व्हरच्या एका डाव्या ठोशात कोसळला.

मग फ्लॉइड मेवेदर पहिला का नाही, असे तुम्ही विचाराल, आणि इथे माझी खरोखर अडचण होते. हनुवटी डाव्या खांद्याआड, उजवा ग्लव्ह गालाशी, डावा हात पोटावर आडवा: हा बचाव शिकवता येतो, आणि त्याच्या जोरावर त्याने ३८ व्या वर्षी पॅक्यावला हरवले. वयाला पुरून उरणारा, शिकवता येणारा बचाव हाच माझा निकष असेल तर व्हिटेकर मागे पडतो, कारण त्याचे ते खाली बसणे मी आजवर एकाही मुलाला शिकवू शकलेलो नाही. मी म्हणतो की २०१४ मध्ये मार्कोस मायदानाने खांद्यावरून येणाऱ्या उजव्या ठोशाने मेवेदरला दोरांपाशी बराच त्रास दिला. पण ती लढतही मेवेदरनेच जिंकली, हे मला ठाऊक आहे. शिवाय विल्फ्रेड बेनितेझ आहेच. ठोसा येण्याआधीच ओळखणारा म्हणून त्याला 'रडार' म्हणत, सतरा वर्षांचा असताना तो विश्वविजेता झाला, आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे पुढचे सारे आयुष्य त्याला इतरांच्या आधाराने काढावे लागले. त्याचा विचार मनात आला की ही सगळी क्रमवारी मला परकी वाटू लागते.

आता आमच्या हॉलमध्ये चार खांबांना दोर बांधलेले आहेत. गेल्या महिन्यात तेरा वर्षांची एक डावखुरी मुलगी आली. कुणी न शिकवता तिचा हात खाली सुटतो आणि ती मागे झुकते. मी पॅड पुढे केले, तिला दोरापर्यंत मागे नेले आणि म्हणालो, "हात वर." ती म्हणाली, "पण सर, लागला कुठे?" आणि पुढच्याच क्षणी, पाठ दोराला टेकण्याआधी, ती गुडघ्यांतून खाली बसून माझ्या डाव्या पायाच्या बाहेर निघून गेली.