उभ्या गाडीचा पगार

आमची कंपनी आता नाही. वेक्सफर्ड परगण्यात, रॉसलेअर बंदरापासून अर्ध्या तासावर तिचं यार्ड होतं. मालकांना आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही. आयर्लंडमधून युरोपात मांस-मासळी नेणाऱ्या ज्या लहान, घरच्या घरी चालणाऱ्या कंपन्या अलीकडे मिटल्या, त्यांतलीच ही एक. तिच्याबद्दल मराठीत कुणी लिहिलं नाही तर कुठेच लिहिलं जाणार नाही, म्हणून मी लिहितोय.

मी मूळचा डिचोलीचा. खाणीवरून जेटीपर्यंत लोहखनिजाचा टिप्पर चालवायचो. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं आणि आमच्या तालुक्यात दारोदार टिप्पर उभे राहिले, बँकेच्या हप्त्यांसकट. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. त्यांच्या जन्मनोंदीवरून आधी वडिलांचे आणि मग माझे कागद झाले, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर मी आयर्लंडला आलो. सुरुवातीला मांसाच्या कारखान्यात खोकी भरली. भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं टिप्पर चालवलेल्या माणसाने मोटारीच्या परीक्षेपासून सुरुवात केली आणि पायरी-पायरीने आर्टिकपर्यंत, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या मोठ्या ट्रकपर्यंत, पोचला. मला पहिल्यांदा गाडी दिली ती या कंपनीने.

काम फ्रिजचं. म्हणजे थंड ट्रेलरचं. इकडे त्याला सगळे फ्रिजच म्हणतात. आयरिश मेंढीचं आणि गाईचं मांस, दक्षिण किनाऱ्यावरची मासळी, परतीला फ्रान्स-इटलीची फळं, भाजी, चीज. रस्ता ठरलेला. रॉसलेअरहून बोटीने वेल्सला उतरायचं, ब्रिटन आडवं कापून डोव्हर बंदर गाठायचं, तिथून बोटीने फ्रान्सचं कॅले. आयर्लंड आणि युरोप यांच्यामध्ये ब्रिटन पुलासारखं पडलंय, म्हणून हा लँडब्रिज. रॉसलेअरहून फ्रान्सच्या शेरबूरला थेट बोटही होती, पण तिला सतराएक तास लागायचे आणि फेऱ्या कमी. ताजा माल लँडब्रिजनेच जायचा.

कंपनीत एक म्हातारे ड्रायव्हर होते. १९८०च्या दशकापासून इटलीपर्यंत जाणारे. मला रस्ता त्यांनी शिकवला. फ्रान्समध्ये निळ्या-लाल गोल पाटीचं रुतिए, म्हणजे ट्रकवाल्यांचं, हॉटेल दिसलं आणि बाहेर ट्रक उभे असले की डोळे मिटून आत जा. फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँच्या बोगद्यात पुढच्या गाडीपासून दीडशे मीटर अंतर सोड, मागचा कितीही घाई करू दे. १९९९ च्या आगीत तिथे ३९ माणसं गेली. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचंच, ते टॅकोच्या, म्हणजे गाडी चालवल्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्राच्या, भीतीने नाही, तर पाठीसाठी. १ जानेवारी १९९३ ला युरोपातली अंतर्गत कस्टमची नाकी उठली. त्याआधीच्या रांगा त्यांनी भोगल्या होत्या. त्यामुळे कंपनीच्या प्रत्येक गाडीत तीन वस्तू असायच्याच: पाण्याचा मोठा कॅन, गॅसची शेगडी आणि डिझेल ओढायचा हातपंप. नवीन पोरं त्यावर हसायची. मालक दर महिन्याला स्वतः कॅबमध्ये चढून त्या तिन्ही वस्तू बघायचे.

आणि दुसरी गोष्ट पगाराची. या धंद्यात बहुतेक ठिकाणी फेरीचे पैसे मिळतात. गाडी हलली तर पैसा. बंदरात, गोदामाच्या दारात, बर्फात अडकलात तर ते दिवस तुमच्या नशिबाचे. आमच्या मालकांनी हे कधीच मानलं नाही. गाडी उभी आहे म्हणजे ड्रायव्हर मालाची राखण करतोय, तेव्हा पूर्ण रोज द्यायचा. एवढं साधं. त्याची किंमत काय असते ते मला २०२० च्या डिसेंबरात कळलं.

नाताळाच्या आधीचा रविवार, २० डिसेंबर. ट्रेलरमध्ये पुढच्या बाजूला पॅरिसजवळच्या रुंजी बाजारासाठी मेंढीचं मांस, व्हॅक्युम पॅक केलेलं. मागे थर्मोकोलच्या पेट्यांत बर्फावर लँगुस्टीन, आपल्या कोळंबीची लांब नांग्यांची बहीण. फ्रान्समध्ये नाताळच्या ताटात ती लागतेच, आणि भाव वर्षातला सगळ्यात चांगला त्याच आठवड्यात मिळतो. ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबरला संपत होता, त्यामुळे ब्रिटनमधले व्यापारी आधीच माल भरून ठेवत होते आणि डोव्हरच्या वाटेवर कित्येक दिवस गर्दी होती. त्यात करोनाचा नवा अवतार.

वेल्समध्ये उतरून मी एम ४ मोटरवेने मेंबरीच्या थांब्यापर्यंत आलो. पाऊण तास थांबलो, चहा केला आणि ऑफिसातून फोन आला. गाड्यांचं नियोजन मालकांची सून करायची. घरी बायकोशी बोलताना मी त्यांना वहिनीच म्हणायचो. त्या म्हणाल्या, फ्रान्सने रात्री ११ पासून ४८ तास हद्द बंद केली आहे, सोबत ड्रायव्हर असलेला मालही जाणार नाही. तू पोचतोस का? मी हिशेब केला. अडचण रस्त्याची नव्हती, बंदराच्या तोंडाची होती. त्यांनाही ते ठाऊक होतं. माल ज्याचा होता त्याला विचारलं, तो म्हणाला प्रयत्न करा. नऊच्या सुमाराला केंटमध्ये एम २० वर मी थांबलो तो थांबलोच. पुढे लाल दिव्यांची रांग, आणि पोलीस बंदराकडे जाणारी बाजू बंद करत होते.

बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती वाहतूक कोंडी वाटली असेल. आत काय चाललं होतं ते सांगतो. फ्रिजला त्याचं स्वतःचं इंजिन असतं, स्वतःची टाकी असते. तो थांबला की माल गेला. रात्रभर शेकडो फ्रिज एकाच सुरात गुरगुरत होते आणि प्रत्येक ड्रायव्हर उतरून ट्रेलरच्या पुढच्या बाजूला लटकलेल्या पेटीवरचा आकडा बघत होता. माझा १ अंशावर होता. मी तो तासातासाला वहिनींना कळवत होतो, रात्री सुद्धा. त्यांनी झोप म्हटलं नाही आणि स्वतःही झोपल्या नाहीत. आमच्या आणखीही गाड्या त्या रांगेत होत्या. त्यांनी प्रत्येकाची जागा, टाकीतलं डिझेल, जवळचं खाणं, औषधं हे सगळं एका वहीत उतरवून ठेवलं होतं. मधुमेह असलेल्या आमच्या एका पोलिश सहकाऱ्यापर्यंत मला चालत जाऊन बिस्किटं द्यायला सांगितली ती त्या वहीमुळेच.

पोटाचा प्रश्न मला नव्हता. तांदूळ, मुगाची डाळ, सोलं, सुकं बांगड्याचं लोणचं हे सगळं घरून असतंच, आणि शेगडी होती. शेजारच्या रुमानियन पोराकडे मात्र चॉकलेट आणि पाण्याची अर्धी बाटली. घरी दोन वर्षांची मुलगी, नाताळला पोचायचं कबूल केलेलं. तो दिवसभर माझ्या कॅबमध्ये बसून आमटी-भात खायचा आणि फोनवर तिला दाखवायचा. शौचालयाचं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. हजारो माणसांना मोटरवेवर उभं करताना कुणीतरी तो विचार पहिल्या तासात करायला हवा होता. तिकडे मॅन्स्टनच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवरही हजारो ट्रक नेऊन लावले होते.

मंगळवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, रिकाम्या बाजूने पोलिसांच्या गाडीमागून व्हॅन आल्या. ग्रेव्हझेंडच्या गुरुद्वाऱ्यात रांधलेलं जेवण खालसा एड या शीख सेवासंस्थेचे लोक घेऊन आले होते. आठशे माणसांचं जेवण: पाचशे डबे छोले-भात, तीनशे पास्ता. मास्क लावलेले एक वयस्कर सरदारजी माझ्या दाराशी आले, माझा चेहरा बघून हिंदीत म्हणाले, "कहाँ से हो, पुत्तर?" मी गोवा म्हटलं. ते म्हणाले, हजूर साहिबला नांदेडला गेलो होतो, तुमच्याच बाजूला ना? गोवा आणि नांदेड यांच्यातलं अंतर मी त्या वेळी मोजत बसलो नाही. हो म्हटलं. माझ्याकडे जेवण आहे, माझा डबा पुढच्याला द्या असं मी सुचवलं, तर म्हणाले, लंगरला नाही म्हणत नाहीत, दोन घे, तो तुझा दोस्तही जेवेल. रुमानियन पोराने आयुष्यात पहिल्यांदा छोले खाल्ले. डबा पुसून संपवला.

मी गोव्यात लहानपणापासून देवळातली महाप्रसादाची पंगत बघितली आहे. पण पंगतीत आपण चालत जातो. इथे कुणीतरी संध्याकाळभर कढया ढवळून, पोलिसांची परवानगी काढून, बंद रस्त्यावरून अनोळखी ट्रकवाल्यांपर्यंत पंगत घेऊन आलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सांगायला मला संकोच नाही.

त्याच रात्री फ्रिजची टाकी तळाला लागली. हातपंप काढला, ट्रकच्या मोठ्या टाकीतून कॅनमध्ये आणि कॅनमधून फ्रिजमध्ये डिझेल ओतलं. पावसात, बॅटरी तोंडात धरून. मग तो पंप पुढे फिरला. लिथुआनियन, स्पॅनिश, पोलिश, कुणाकुणाच्या फ्रिजपर्यंत गेला आणि सकाळी न मागता परत आला. मी म्हाताऱ्या ड्रायव्हरांना फोन करून हे सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, फ्रान्स-इटलीच्या हद्दीवर, मोदानच्या कस्टममध्ये आम्ही असंच करायचो.

हद्द बुधवारी उघडली, पण करोनाची चाचणी झाल्याशिवाय सोडत नव्हते. लष्कराचे जवान रांगेतून येऊन कॅबच्या खिडकीतून नमुना घ्यायचे; मदतीला फ्रेंच अग्निशामक दलाची माणसं आली होती, पोलंडचे सैनिकही आले. एरवी नाताळच्या दिवशी डोव्हर-कॅले बोटी बंद असतात. त्या वर्षी चालू ठेवल्या, आणि मी नाताळच्या दिवशी पार झालो. रुमानियन पोराची बोट माझ्या आधीची होती. त्याला नाताळ रस्त्यातच गाठणार होता.

मांस ठीक पोचलं. लँगुस्टीन नाही. फ्रिजचा आकडा १ वरून कधी ढळला नव्हता, पण मासळीला थंडीइतकाच दिवसांचा हिशेब असतो. शीतगृहाच्या माणसाने पेटी उघडली, वास घेतला आणि शिक्का मारला. नष्ट करण्यासाठी. त्या पेट्यांमागे थंडीच्या समुद्रात गेलेल्या होड्या होत्या, वर्षातल्या सर्वांत चांगल्या भावाची आशा होती. मी शिक्क्याचा फोटो वहिनींना पाठवला. त्यांनी फक्त विचारलं, तू जेवलास का?

जानेवारीच्या पगारात रांगेतला एकूण एक दिवस मांडलेला होता, पूर्ण रोजाने. विम्याने त्या थांब्याचा छदामही दिला नव्हता हे मला नंतर समजलं.

पुढचं थोडक्यात. २ जानेवारी २०२१ पासून रॉसलेअर ते फ्रान्सचं डंकर्क अशी थेट बोट सुरू झाली, शेरबूरच्याही फेऱ्या वाढल्या. लँडब्रिजवरून जायचं तर ट्रान्झिटचे कागद, जामीन, कस्टमची मोहर. एक चूक आणि गाडी अडकली. म्हणून माल समुद्रावर गेला. समुद्रावर गेलेल्या मालाला ड्रायव्हर लागत नाही. ट्रेलर एका बंदरात सोडायचा, दुसऱ्या बंदरात दुसऱ्याने उचलायचा. मोठ्या कंपन्या बोटीवरची जागा ठोक भावात आधीच घेऊन ठेवतात. आमच्यासारखी मोजक्या गाड्यांची कंपनी तिकिटाच्या खिडकीवरच हरते. मग २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध आणि डिझेलचा भाव. मालकांचं वय सत्तरीपार. वहिनींनी वर्षभर वही धरून ठेवली, पण आकडे जुळेनात. एका शुक्रवारी सगळ्यांना यार्डात बोलावून मालकांनी स्वतः सांगितलं. कुणाचा एक दिवसही बुडवला नाही, रजेचे पैसेसुद्धा दिले. गाड्या लिलावात गेल्या.

लोक म्हणतात, उभ्या गाडीचे पैसे देणारी कंपनी बुडणारच. मला हे पटत नाही. त्या रोजाचा खर्च मी स्वतः वहिनींच्या वहीत पाहिला आहे. तिकिटं आणि डिझेल यांच्यापुढे तो किरकोळ होता. कंपनी मिटली ती मार्ग बदलला म्हणून, माणसांना वागवण्याच्या पद्धतीमुळे नाही. हे दोन्ही एकत्र करून बोलणाऱ्यांशी मी अजून भांडतो.

मी आता दुसऱ्या कंपनीत रॉसलेअरच्या बंदरात ट्रेलर सोडतो, उचलतो, देशातल्या देशात पोचवतो. संध्याकाळी घरी असतो. मुलांना ते बरं वाटतं, मलाही. वादळात बोटी रद्द झाल्या की मात्र आम्ही तासन्‌तास धक्क्यावर थांबतो आणि त्याचे पैसे ठरावीक भत्त्यात बसवले जातात, जो फार थोडा आहे. आम्ही ड्रायव्हरांनी मिळून तो वाढवायची लेखी मागणी केली आहे. दर किती मागायचा यावर चर्चा झाली तेव्हा मी जुनी पगारचिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, जानेवारी २०२१ ची. तोच आकडा अर्जात लिहिला आहे. व्यवस्थापनाशी पुढची बैठक येत्या महिन्यात आहे.