शेवग्याची पूड आणि माझी सही

गेल्या महिन्यातला एक रिपोर्ट डोक्यातून जात नाही. सही माझी होती.

संभाजीनगरच्या एका पाणी तपासणी लॅबमध्ये मी काम करते. आमच्याकडच्या बोअरचं दुखणं म्हणजे फ्लोराइड आणि नायट्रेट; शिसं तपासा म्हणणारा विरळाच. पैठणकडच्या एका जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी दोन बाटल्या घेऊन आले. बोअरशेजारी पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे, म्हणून त्यांना शंका. एकीत बोअरचं पाणी. दुसरीत तेच, पण शिसं निघतं का बघायला पोरांनी शेवग्याच्या बियांची पूड ढवळून, निवळून, वरून ओतून घेतलेलं.

दोन्हींत शिसं सारखंच निघालं. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, हे त्याच्या पाचपट.

"म्हणजे पोरांचं फसलं म्हणा की, मॅडम." मी मान डोलावली.

आठवड्याने दुसरी बाटली विसळायला घेतली तर तळाशी पांढुरका गाळ. पोटात गोळाच आला. शिशाच्या नमुन्यात आम्ही आल्याआल्या नायट्रिक ॲसिड घालून सामू २ च्या खाली नेतो, नाहीतर शिसं बाटलीलाच चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. नियम चोखच आहे. पण बियांच्या पुडीला धरून बसलेलं शिसंही ॲसिड पडलं की सुटतं आणि परत पाण्यात उतरतं. पोरांनी पकडून दिलेला चोर आम्हीच सोडला! आधी गाळायचं, मग ॲसिड, एवढंच होतं. मदतनिसाने बाटली उजेडात धरून बघितली नाही, मी विचारलं नाही. आणि आमच्या फॉर्मवर जीएसटी नंबरला चौकट आहे, 'पाण्यात काय घातलंय' याला नाही.

नवा नमुना मागवला, ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून गाळला, मग ॲसिड. शिसं निम्म्याहून खाली. मर्यादेच्या आत मात्र नाहीच. गुरुजींना फोन करून दोन्ही सांगितलं. पोरं बरोबर होती, तरी ते पाणी पिऊ नका. शिवाय बियांचा अंश उतरलेलं पाणी ठेवलं की वास मारतं. पण शेवगा म्हटलं की आपली माणसं डोळे झाकून पितात.

"पोरांचा प्रयोगाचा तक्ता मी कपाटामागं टाकला होता," गुरुजी म्हणाले. "काढतो आज."

ठेवता ठेवता विचारलं, वापरलेली पूड कुठे टाकली?

"परसबागेत. शेवग्याच्याच बुडाला. खत होईल म्हटलं."