ऑक्टोबरची बिअर, अकरा महिन्यांनी

डर्बी, रविवार, रात्री साडेनऊ

पूर्वी इंग्लंडातून जहाजाने हिंदुस्थानात जाणाऱ्या पेल एलच्या, म्हणजे फिक्या रंगाच्या बिअरच्या, धर्तीवर गेल्या ऑक्टोबरात घातलेल्या बिअरची पहिली बाटली आज उघडली. झाकण निघताच नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा गंधकाचा वास आला आणि वाटले, चला, पाणी तरी साधले. इथून जवळच्या बर्टन-अपॉन-ट्रेंटमधील विहिरींच्या पाण्यात जिप्सम हा गंधकयुक्त क्षार मुबलक असतो, आणि त्यामुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा कोरडा व स्वच्छ उतरतो. लंडनमध्ये बिअर बनवणाऱ्या हॉजसनची पेल एल १८२२ पर्यंत हिंदुस्थानात नावाजली होती. तिच्या तोडीची बिअर करून पाहण्यासाठी बर्टनमधील ऑलसॉपच्या ब्रुअरीतील (बिअरच्या कारखान्यातील) जॉब गुडहेडने त्या साली पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत बनवला. माझ्या नळाला बर्टनचे भाग्य नाही, म्हणून पंधरा लिटर पाण्यात पंधरा ग्रॅम जिप्सम ढवळावे लागले.

दहा लिटर बिअरसाठी सव्वातीन किलो फिके माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू) आणि ईस्ट केंट गोल्डिंग हॉप्सची नव्वद ग्रॅम सुकी फुले, एवढाच ऐवज होता. साखर घालण्याची परवानगी इंग्लंडातील ब्रुअरींना १८४७ साली मिळाली आणि मला त्याआधीची बिअर हवी होती, म्हणून तीही वगळली. उकळीनंतर मात्र फुलांच्या चोथ्याने पातेल्याची तोटी तुंबवली आणि तो कडू-गोड काढा मला पुरणाच्या चाळणीतून गाळावा लागला. चाळण दोनदा घासूनही घरात अजून तिच्यावर विश्वास नाही.

लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम शोधून काढली, ही कथा मला पटत नाही. पोर्टर नावाची काळी बिअरही त्याच जहाजांतून धडपणे पोहोचत होती, आणि हॉजसनने पाठवली ती इंग्लंडात आधीपासून ऑक्टोबरात घालून, मुरवून पिण्यात येणारी ऑक्टोबर बिअरच होती. केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईला पोहोचेपर्यंतच्या काही महिन्यांत, दोनदा विषुववृत्त ओलांडताना लागलेल्या उष्णतेने तिचे मुरणे तेवढे लवकर झाले असावे. त्या मुरण्यात ब्रेटॅनोमायसीस या यीस्टचाही वाटा असे, जे क्लाउसेन या शास्त्रज्ञाने १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत इंग्लिश बिअरमधूनच वेगळे केले. म्हणून नेहमीच्या यीस्टने साखर खाऊन गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०६८ वरून १.०१६ वर आणल्यावर मी बरणीत हे दुसरे यीस्ट आणि आणखी अठ्ठावीस ग्रॅम फुले घातली, आणि बरणी पूर्ण उन्हाळा बागेतल्या शेडमध्ये तापू दिली. ऑगस्टअखेर बाटल्या भरताना ते मोजणारा हायड्रोमीटर १.००८ वर स्थिरावला होता.

जानेवारीत चाखली तेव्हा ती कारल्याच्या रसाहून कडू होती. आज कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला सरकला आहे आणि पुढे संत्र्याच्या सालीच्या मुरंब्याची चव येते. त्यामागून ओल्या चामड्याचा एक वास येतो, तो मला आवडला, घरात इतर कोणालाही नाही. पेल्याच्या तळाशी गाळ आला, कारण शेवटचा घोट ओतताना हात हलला. उरलेल्या सोळा बाटल्या पुन्हा शेडमध्ये ठेवल्या आहेत.