रडगाणं नेहमी पलीकडचं

मी एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत उपसंपादक आहे. त्या शुक्रवारी पानं लावायला बसलो, तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ स्तंभलेखकांचा मजकूर येऊन पडला होता. विषय अमेरिकेतली ‘पीडितपणाची संस्कृती’.

लेख खणखणीत होता. येल विद्यापीठातलं २०१५चं प्रकरण सरांनी रंगवून लिहिलं होतं. हॅलोविन या सोंगं घेण्याच्या सणाला कुणी काय घालावं यात विद्यापीठाने किती लुडबुड करावी, असा सवाल तिथल्या अध्यापिका एरिका क्रिस्टाकिस यांनी ई-मेलमधून केला. अल्पसंख्याकांना दुखावणाऱ्या सोंगांना हे पाठबळच आहे, असं वाटून विद्यार्थी खवळले, एरिकांच्या पतीला, निकोलस यांना, आवारात घेरलं आणि डिसेंबरात एरिकांनी तिथलं शिकवणं सोडलं. हे सगळं खरंच घडलंय. जोडीला कॅम्पबेल आणि मॅनिंग या समाजशास्त्रज्ञांची २०१४मधली मांडणी. मानापमानावर चालणाऱ्या समाजात टोमण्याला तलवारीने उत्तर मिळे, प्रतिष्ठा मानणारा समाज टोमणा सोडून द्यायला शिकला. आता टोमणा सोडायचाही नाही आणि स्वतः भिडायचंही नाही, वरच्याकडे तक्रार करायची.

लेखाच्या मते ही खोड फक्त डाव्यांची. मला खटकलं ते इथे. याच दोघांच्या २०१८च्या पुस्तकात, या संस्कृतीचे विरोधकही हीच भाषा कशी उचलतात यावर अख्खं प्रकरण आहे. आणि डिसेंबर २०२०मध्ये, निवडणूक हरल्यावर, जॉर्जियातल्या व्हॅल्डोस्टाच्या सभेत ‘आपण सगळेच पीडित आहोत’ असं गर्दीला सांगणारे डोनाल्ड ट्रम्प काही डावे नव्हेत.

फोन लावला. “सर, ट्रम्पवर एक वाक्य घालू या का?”

“तो विषय वेगळा. त्या लोकांना खरोखरच अन्याय झाल्यासारखं वाटत होतं.”

“येलच्या पोरांनाही वाटतच होतं, सर.”

तासाभरात संपादकांचं बोलावणं आलं. सरांनी त्यांना लांबलचक मेल धाडला होता: आमच्या विचारांच्या लेखकांची या दैनिकात गळचेपी होते, उपसंपादकाला समज द्यावी. संपादकांनी मेल वाचला, मग लेखातला तलवारीचा परिच्छेद वाचला, आणि चहा मागवला.

दुसरी बाजू म्हणून एका प्राध्यापक बाईंकडून घाईने लेख मागवला. त्यात व्हॅल्डोस्टा ठळक, येलचं नाव नाही. विचारलं तर म्हणाल्या, “एकीकडे राष्ट्राध्यक्ष, दुसरीकडे विशीतली मुलं. एकाच तागडीत कसं तोलता?” हा मुद्दा मला सरांच्या उत्तरापेक्षा कितीतरी वजनदार वाटला. पण मग एरिकांनी का सोडलं, यावर त्यांच्याकडेही “ते अपवादात्मक” एवढंच होतं.

आपल्याकडेही हे नवं नाही. दुखावलेल्या भावनांना लेखक अस्मिता म्हणणार की कांगावा, हे त्याचा पक्ष कळला की मजकूर न वाचता सांगता येतं.

शेवटी संपादकांनी दोन्ही लेख जसेच्या तसे लावले आणि मध्ये चौकट टाकली: येल, व्हॅल्डोस्टा, पुस्तकातलं ते प्रकरण. मला ही पळवाट वाटली. चौकटीतून वाचकाला माहिती मिळते, पण अडचणीच्या उदाहरणाचं काय करायचं हा प्रश्न लेखकाच्या गळ्यात पडत नाही. तसं मी बोललोही.

“बरोबर आहे तुझं,” संपादक म्हणाले. “पण दोघं पुढच्या रविवारी लिहिणार आहेत ना, ते आधी विचारून घे.”