दिव्याच्या पोटातला पिवळा चौकोन

सायकलचा दिवा बंद पडला म्हणून उघडणारे लोक वेगळे आणि चालू दिवा उघडणारे वेगळे. मी दुसऱ्या गटातला. व्यवस्थित चालत होता बिचारा, तक्रार एवढीच की उजेड निळसर पडायचा आणि त्या निळ्या उजेडात खड्डा, खड्ड्यावरचं डांबराचं ठिगळ आणि नुसतं सांडलेलं पाणी, तिन्ही सारखंच दिसायचं. शहरात काही वाटत नाही, खांबावरचे दिवे असतात. पण पहाटे नाशिकचं सोमेश्वर मागे टाकून गंगापूर गावाच्या पुढे दुगाव-गिरणाऱ्याकडे निघालं की मग कळतं आपल्याजवळ काय आहे ते. डिसेंबरात तर द्राक्षबागांवरून धुकं सरळ रस्त्यावर येऊन बसतं आणि निळा उजेड धुक्यात नुसता पांढरा पडदा लावतो.

नाशिकात सायकलवाल्यांची कमी नाही. २०१५ ला डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी जोडीने रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, आणि नंतर माझ्या ओळखीत ज्याला त्याला सायकल हवी झाली, मलाही. मग ब्रेव्हे आल्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर कापायच्या सायकलफेऱ्या, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, आणि रात्र मधे येणार असेल तर पुढचा दिवा, मागचा दिवा, चमकणारं जॅकेट हे सगळं असलंच पाहिजे असा नियम. चहाच्या टपरीवर जमलं की चर्चा ल्युमेनची, म्हणजे दिवा किती उजेड देतो त्या मापाची. तुझा किती, माझा हजार, याचा दीड हजार. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर माणसं इतका विश्वास ठेवतात की मला त्यांचा हेवा वाटतो.

आमचे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते आणि जेल रोडवरून सायकलने ड्युटीला जायचे. त्यांच्या सायकलला बाटलीसारखा डायनॅमो, सहा व्होल्ट तीन वॅटचा, टायरवर दाबला की घर्रर्र सुरू आणि पायडल एकदम जड. जोरात चालवलं तर उजेड, थांबलं की अंधार. म्हणजे चढावर जिथे सायकल रडतखडत चाललीये तिथे दिवाही मंद, आणि उतारावर झकास. माझा दिवा हातात घेऊन त्यांनी एकदा भिंतीवर मारून बघितला आणि म्हणाले, "एवढा उजेड कशाला रे, चोर पकडायचेत का?"

तर उघडणं. पहिला प्रश्न कुठून उघडायचा हाच, कारण स्क्रू कुठेच नाही. पुढची रिंग आट्यांवर बसवलेली असते, फिरवली की निघायला पाहिजे, पण आट्यांना बनवणाऱ्याने काहीतरी चिकट लावून ठेवलेलं असतं. पक्कड लावली की अॅल्युमिनियमवर ओरखडे. त्यापेक्षा जुन्या ट्यूबचा तुकडा रिंगेवर गुंडाळायचा, हेअर ड्रायरने रिंग गरम करायची आणि मग दोन्ही हातांनी पिळायची. (ड्रायरचा आवाज ऐकून आई आतून, "कोणाचे केस वाळवतोय रे?") रिंग सुटली की आधी काच, मग रबराची बारीक ओ-रिंग जी पाणी अडवते, मग चकचकीत वाटी, आणि वाटीच्या बुडाशी एक मरतुकडी दिसणारी प्लास्टिकची चकती. ती चकती फेकायची नाही, ती एलईडीला बरोब्बर मधोमध धरते आणि धातूच्या वाटीला सोल्डरच्या टोकांपासून लांब ठेवते, नाहीतर शॉर्ट.

आणि या सगळ्याच्या तळाशी तो पिवळा चौकोन. मला दर वेळी गंमत वाटते की पांढरा उजेड देणारी वस्तू बंद असताना पिवळी असते. कारण आत खरा एलईडी निळा आहे आणि त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर, निळ्यातला काही उजेड तो थर पिवळा करतो आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं वाटतं. लाल आणि हिरवा एलईडी कधीचाच होता, अडलं होतं ते निळ्यावर. तो चांगला उजेड देणारा करून दाखवला म्हणून आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या दिव्यात त्या निळ्यावर थर पातळ असणार, म्हणून तो गंगापूर रोडभर निळा सांडत फिरत होता.

नवीन एलईडी ऑनलाइन मागवला, तांब्याच्या गोल चकतीवर बसवलेला. यात जरा हटवादीपणा केला. साडेसहा हजार केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) कडक पांढरा घेतला असता तर ल्युमेन थोडे जास्त मिळाले असते, मी चार हजारवाला घेतला, उन्हं कलताना असतो तसला. एमजी रोडला मोबाइल रिपेअरवाल्याकडे थर्मल पेस्ट घ्यायला गेलो तर त्याने पेटवून बघितला आणि म्हणाला, "दादा, हा पिवळट मारतोय, पांढरा नाही भेटला का? आणि एवढं करण्यापेक्षा नवीन दिवाच घ्या ना." मुद्दा बरोबर होता त्याचा, पण नवीन दिवा घेतला तर उघडायला काय उरलं.

पेस्ट लागते कारण एलईडीचं गणित बल्बच्या उलटं. बल्बची तार तापते तेव्हाच उजेड देते, एलईडी तापला की त्याचा उजेड उतरतो आणि जास्तच तापला तर आयुष्य कमी. ती गरमी मागच्या बाजूने काढावी लागते, एलईडीतून तांब्यात, तांब्यातून पेस्टमधून दिव्याच्या अंगात आणि तिथून वाऱ्यावर. म्हणून सायकल पळतीये तोवर दिवा खूश, आणि टेबलावर फुल्लवर ठेवून दिला की हात लावता येत नाही. गंमत अशी की सोल्डरचा डाग देतानाही ती तांब्याची चकती तेच काम इमानदारीत करते, टोक टेकवलं की सगळी गरमी खेचून घेते आणि सोल्डर वितळायलाच तयार नाही. घरातल्या पंचवीस वॅटच्या सोल्डरिंगने तिथे दिवसभर बसलात तरी डाग बसायचा नाही, साठचं लागतं, आणि वायरीच्या टोकांना आधीच सोल्डर पाजून ठेवायचं. चकतीवर अधिक-उणे छापलेलं असतं, ते बघायचं.

ड्रायव्हर, म्हणजे करंट ठरवणारं छोटं सर्किट, त्याला हात लावला नाही. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, भरलेला लिथियम सेल ४.२ देतो, आणि एलईडीला व्होल्टेज जरासं वाढवलं की करंट धाडकन वाढतो, त्यामुळे मधे हा लगाम पाहिजेच. माझ्या ड्रायव्हरमध्ये साडेतीनशे मिलीअँपियरच्या चार चिप्स, म्हणजे १४००. तेवढ्याच करंटमध्ये नवा एलईडी जास्त उजेड देतो, बॅटरीला पत्ता पण लागत नाही, आणि मला या सगळ्या उद्योगात हेच सगळ्यात आवडलं. बॅटरीवरून आठवलं, ९९०० मिलीअँपियर-तास छापलेले १८६५० सेल सर्रास मिळतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब एवढ्या डबीत साडेतीन हजारांच्या आसपास मावतं, बाकी सगळं शाईत. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे भरतो, खोटा हातात घेतला तरी हलका लागतो.

बसवून भिंतीवर मारला तर मधोमध काळं भोक, भोवती उजेडाचं कडं. एलईडी वाटीच्या फोकसपासून जराही वर-खाली झाला की हे होतं. चकतीखाली पातळ वॉशर सरकवला, भोक बुजलं. बाबा बघत होते, त्यांना भोकवालाच जास्त आवडला होता.

रस्त्यावर फरक पडला तो रंगाने. उजेड दुप्पट झाला तरी डोळ्याला दुप्पट वाटत नाही, डोळा तसा हिशेब ठेवतच नाही, पण रंग लगेच कळतो. आता माती मातीसारखी दिसते आणि डांबर डांबरासारखं. मखमलाबाद-गिरणारे पट्ट्यात बिबट्याच्या बातम्या नेहमीच्या, त्यामुळे उसाच्या कडेला दोन डोळे चमकले की पोटात गोळा येतोच, डोळे आधीही चमकायचे, पण आता त्या डोळ्यांमागचं तपकिरी कुत्रं पण दिसतं. फार मोठी सोय आहे ही.

एक नवीन भानगड मात्र उभी राहिली. पहाटेच्या त्या वेळी मजूर बायका डोक्याला रुमाल बांधून डबे घेऊन समोरून चालत येत असतात, त्या आता हाताने डोळे झाकायला लागल्या. आपल्याकडे ट्रकच्या हेडलाइटला वरच्या अर्ध्या भागावर काळं फासतात ना, तसं मीही काचेच्या वरच्या बाजूला काळी इन्सुलेशन टेप लावली. त्याने आजूबाजूला वर उधळणारा उजेड थांबतो, पण मधला झोत तसाच राहतो, कारण तो वाटीच्या सगळ्या अंगाने मिळून तयार होतो, वरचा भाग झाकला तर तो फक्त मंद होतो. जर्मनीत सायकलच्या दिव्याला कारसारखी वरून कापलेली झोताची रेघ लागते, कायद्यानेच, आणि त्यासाठी वाटीचा आकारच वेगळा करतात. माझी वाटी गोल, तिच्याकडून ते होणार नाही. मग दिवाच खाली झुकवला, झोत आठ-दहा मीटरवर रस्त्याला टेकेल असा, आणि समोरून कोणी पायी दिसलं की एक क्लिक, लो. बटणात हाय, लो आणि डिस्को अशा तीन पायऱ्या आहेत. हायवरून लोवर एका क्लिकमध्ये जाता येतं, पण परत हायवर यायचं तर डिस्को ओलांडावाच लागतो, त्यामुळे प्रत्येक माणूस मागे गेला की गिरणाऱ्याच्या रस्त्यावर क्षणभर लग्नाची वरात.

तो डिस्को काढायचा तर ड्रायव्हर बदलावा लागेल. तसे फक्त हाय आणि लो असलेले मिळतात, सतरा मिलिमीटर व्यासाचे, माझा मोजून बघितला तर तेवढाच आहे. ऑर्डर टाकलीये. आईला म्हटलं, ड्रायर लागेल परत.