दम धरायचा नाही, सोडायचा

लातूरजवळच्या औशात माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं की पाणबुडी मोटारी कोरड्या चालतात, जळतात आणि माझ्या टेबलावर येतात. असा माणूस गोव्याच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणार, त्यावर ९० किलोमीटर सायकल चालवणार, त्यावर २१.१ किलोमीटर पळणार, तेही साडेआठ तासांच्या आत, हे घरात सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "समुद्रात कशाला जायलालास?"

ऑक्टोबर २०२३ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावरची 'आयर्नमॅन ७०.३' मी ७ तास ५२ मिनिटांत पूर्ण केली. तेव्हा वय ४३. नावातला आकडा मैलांचा आहे, आपल्या हिशेबानं ११३ किलोमीटर. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते. तेव्हापासून आपल्या भागातली पोरं दुकानात येऊन तयारीचं विचारतात, म्हणून हे लिहितोय. यातलं बरंचसं पाण्याबद्दल आहे, कारण माझं अडलं ते तिथंच.

पोहायला मला चुलत्यांनी, अप्पांनी शिकवलं. कमरेला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि विहिरीत ढकललं. चौथ्या दिवशी डबा सोडला. पुढची सात-आठ वर्षं उन्हाळाभर आम्ही त्या विहिरीत. मुटके मारायचे, बुडी मारून तळाचा गाळ मुठीत धरून वर यायचं. ज्याचा दम मोठा, त्याला पोरांत मान. त्यामुळं पोहण्याची मला भीती नव्हती. जानेवारीत लातूरच्या पोहण्याच्या तलावावर नाव घातलं तेव्हा वाटलं होतं, पोहणं तर येतंच, सायकलीचं बघू.

पहिल्या दिवशी पंचवीस मीटरच्या चार फेऱ्या झाल्या आणि मी कठड्याला धरून धापा टाकत उभा राहिलो. १.९ किलोमीटरला अशा ७६ फेऱ्या लागतात. शिकवणारे सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ते काठावर बसून म्हणाले, "काका, तुम्ही पाण्याखाली श्वास धरून ठेवता. सोडतच नाही."

ते बरोबर होतं. तोंड पाण्यात गेलं की मी छाती बंद करायचो. मग मान वळवल्यावर त्या अर्ध्या सेकंदात आधी जुनी हवा बाहेर टाकायची आणि लगेच नवी घ्यायची, हे जमायचं कसं? गुदमरल्यासारखं होतं ते बहुतेक हवा कमी पडल्यानं नाही, आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर न गेल्यानं. लहानपणी ज्या गोष्टीची शाबासकी मिळाली, तीच इथं मोडायची होती. सरांनी पंधरा दिवस मला पोहूच दिलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, तोंड बुडवायचं, नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडायचे, मान वळवून श्वास घ्यायचा, पुन्हा बुडबुडे. शेजारी दुसरीतिसरीतली पोरं सपासप फेऱ्या मारायची आणि मी एका कोपऱ्यात बुडबुडे काढत उभा. ते पंधरा दिवस मी टाळले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. एप्रिलच्या शेवटी ७६ फेऱ्या न थांबता झाल्या. त्या दिवशी दुकान उघडायला दहा वाजले आणि मी कुणाला काही बोललो नाही.

समुद्राचा सराव आपल्याकडून कसा करायचा, हा खरा प्रश्न. पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही आणि शर्यत पावसाळा संपतासंपता. म्हणून मे महिन्यातच तारकर्लीला चार दिवस जाऊन आलो. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, हे पहिलं सुख. पण विहिरीत समोर भिंत असते, तलावात तळाला रेघ असते, समुद्रात काहीच नसतं. दर सात-आठ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून लांबची खूण बघावी लागते, नाहीतर माणूस भलतीकडंच पोहत राहतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. तलाव लांब पडतो म्हणून शेततळ्यात सराव करायचा विचार माझ्याही मनात आला होता. करू नका. तळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की चांगला पोहणारासुद्धा काठावर चढू शकत नाही. मोटार बसवायला मी अशा तळ्यांवर जातो. काठावरून आत दोर सोडलेला नसेल तर मी जवळ उभासुद्धा राहत नाही.

सायकल जुनी घेतली, ४२ हजारांना. दर रविवारी पहाटे लातूरपर्यंत जायचं, तिथून वळून औशावरून किल्लारी आणि परत. नव्वद किलोमीटर सहज भरतात. वारा आडवा, सावली जवळजवळ नाही. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचं स्मारक आहे, तिथं मी वळायचो. भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पहाटे चारच्या सुमाराला घर हललं आणि आईनं आम्हाला ओढत अंगणात आणलं, ते आठवतं. त्या जागी मी कधी नुसता वळून निघालो नाही. पाच मिनिटं थांबायचो. सरावाच्या वेळेत ती पाच मिनिटं धरलेली असायची.

खाणंही याच रस्त्यावर शिकलो. सुरुवातीला घरचे गूळ-शेंगदाण्याचे लाडू न्यायचो. लाडू चांगले, पण धाप लागलेली असताना चावत नाहीत आणि शेंगदाण्याचं तेल पोटात जड बसतं. मग खजूर, राजगिऱ्याची वडी आणि बाटलीत लिंबू-साखर-मीठ यावर आलो. दर वीस मिनिटांनी थोडं खायचं, भूक लागो न लागो. पळण्याचा सराव मात्र लिहिण्यासारखा काही नाही. रोज पहाटे पळालो, एवढंच.

शर्यतीच्या दिवशी पाण्यात उतरलो आणि दुसऱ्या बोयाजवळ, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेजवळ, कुणाची तरी लाथ गॉगलवर बसली. तोंडात लाट गेली. आणि माझ्या छातीनं विहिरीतलंच केलं, बंद झाली. तलावातले तीन महिने एका क्षणात गेले. नियमाप्रमाणं मदतीच्या छोट्या होडीला धरून थांबता येतं, फक्त होडीनं तुम्हाला पुढं न्यायचं नाही. मी धरलं. होडीतला मुलगा कोकणीत काहीतरी धीराचं बोलला. मी तोंड पाण्यात घातलं आणि पोहायच्या आधी नुसते बुडबुडे सोडले. पाच-सहा वेळा. छाती सुटली. त्यानंतर किनारा येईपर्यंत थांबलो नाही. पोहायला ५८ मिनिटं लागली, मुदत १ तास १० मिनिटांची होती.

सायकलीला ३ तास ३५ मिनिटं लागली, आणि तिथं मी चुकलो. एप्रिल-मेमधल्या आपल्या उन्हात सराव केलेला माणूस मी, गोव्याचं ढगाळ आकाश बघून मला ते गारच वाटलं. पाणी कमी प्यायलो. आपल्याकडं घाम आला की वाळतो, अंगावर मिठाचे पांढरे डाग राहतात, आणि वाळताना तो अंग गार करून जातो. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. पाणबुडी मोटार तिच्याभोवती वाहणाऱ्या पाण्यानं गार राहते, पाणी हललं नाही तर ती पाण्यात बुडालेली असूनही तापते. हे मी गिऱ्हाईकांना वीस वर्षं सांगत आलोय. स्वतःच्या अंगाला ते लागू होतं, हे पळण्याच्या चौदाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आल्यावर कळलं.

पुढचे सात किलोमीटर थोडं चालत, थोडं पळत काढले. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन पेले पाणी, मीठ, डोक्यावर बर्फ. पळण्याला ३ तास ५ मिनिटं लागली. शेवटच्या वळणावर बायको आणि लेक उभ्या होत्या. लेकीनं नुसतं "बाबा!" म्हणून हाक मारली आणि मला रडू आलं, पायात गोळे असतानाही मी शेवटपर्यंत पळालो.

परत आल्यावर मेडल घेऊन अप्पांकडं गेलो. ते आता सत्याऐंशीचे आहेत, नजर कमी झाली आहे. त्यांनी मेडल हातानं चाचपलं, वजन बघितलं, मांडीवर ठेवलं. मग विचारलं, "किती परस पाणी होतं रे तिथं?"

"बघितलं न्हाई, अप्पा," मी म्हणालो. "बुडीच मारली न्हाई."